भरून घेतलेलं हेड

एप्रिल लागला की इथे इंग्लंडात लोकांना ट्यूलिप दिसतात. माझं डोकं फिरतं. घड्याळं एक तास पुढे जातात, शेजारचे आजोबा अर्ध्या चड्डीत लॉन कापायला लागतात, आणि क्लबचा मेल येतो की ड्रॅग रेसिंगचा नवा सीझन सुरू होतोय, नवी नियमावली सोबत जोडली आहे, सगळ्यांनी मजा करा. मजा करा म्हणे! मी तो मेल चहा पिता पिता वाचते आणि चहा कडू लागतो.

यंदाच्या नियमावलीत एक वाक्य नवं आहे. सिलिंडर हेडला तडा गेल्यास वेल्डिंग करून दुरुस्त करता येईल, मात्र आधी कळवावे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की ही सुधारणा सभासदांच्या सूचनेवरून केली आहे. सभासदांची सूचना! ते सभासद म्हणजे मी आणि माझी लेक. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती ‘सूचना’ आमच्याकडून कशी काढून घेतली, हे त्या बारीक अक्षरांत कुठून मावणार? म्हणून मी लिहायला बसले आहे. गोड लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ड्रॅग रेसिंग म्हणजे काय, हे वेम्बलीच्या दुकानात भेंडी निवडता निवडता मी इतक्या जणींना सांगितलंय की आता पाठ झालंय. सरळ रस्ता, पाव मैलाचा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि आधी पोचायचं. वळण नाही, चढ नाही, ओव्हरटेक नाही. एक मैत्रीण म्हणाली, "एवढंच? मग त्यात बघायचं काय गं?" खरं सांगायचं तर बघायचं काही नसतंच, पापणी लवायच्या आत संपतं. ते ऐकायचं असतं, बरगड्यांनी झेलायचं असतं. नॉर्दॅम्प्टनच्या आमच्या घरापासून जवळच विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. युद्धात तिथून बॉम्बफेकी विमानं उडायची. आता तिथून आमच्यासारखे वेडे सुटतात. वारा आमच्या बाजूचा असला की बागेत कपडे वाळत घालताना तो आवाज येतो. आधी घशातली गुरगुर, मग एकदम मांजरपाट फाडल्यासारखा टर्रकन. माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहते.

हेडबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण, असं पुस्तकात लिहितात. पिस्टन खालीवर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण इंजिन श्वास घेतं ते हेडमधून. हवा आत यायची वाट आणि धूर बाहेर जायची वाट, दोन्ही हेडच्या पोटात असतात. त्या वाटांना पोर्ट म्हणायचं. पोर्ट जिथे रुंद हवा तिथे रुंद आणि जिथे अरुंद हवा तिथे अरुंद असला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. माझा नवरा अनिल हॉस्पिटलात भूल देतो. उभं आयुष्य त्याने लोकांच्या घशांत नळ्या घातल्या. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा पोर्ट समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एअरवे." हो बाबा, एअरवे. आम्हा दोघांच्या धंद्यांत सारखं असं तेवढं एकच आहे.

वरच्या, म्हणजे प्रोफेशनल वर्गात इंजिन सुधारण्याची निम्मी लढाई हेडवर चालते आणि उरलेली निम्मी हेडच्या नियमांवर. व्हॉल्व्ह किती, कुठल्या कोनात, ओतकाम कुणाच्या साच्यातलं, पोर्टचं तोंड किती उंच. एखाद्याने डोकं लढवून थोडी ताकद जास्त काढली, की पुढच्या वर्षी नियमावलीत एक ओळ वाढते. मग दुसरा कुणी त्या ओळीतली फट शोधतो. हा खेळ मला मनापासून आवडतो, तो चोर-पोलिसांचा खेळ आहे आणि दोन्हीकडे हुशार माणसं लागतात. आमच्या चार सिलिंडरच्या धाकट्या वर्गाने ते नियम वरून जसेच्या तसे उचलले, थोरल्याचा शर्ट धाकट्याला घालावा तसे. हुशार माणसं मात्र तेवढी उचलली नाहीत. आमच्या वाट्याची ओळ अशी होती: क्लबने मान्य केलेलं ओतीव हेडच वापरावे, पोर्टमधून धातू काढलेला चालेल, घातलेला चालणार नाही.

काढलेलं चालेल, घातलेलं चालणार नाही. त्या उन्हाळ्यात ही ओळ माझ्या दातात अडकली ती अडकलीच. मला वाटायला लागलं की हा देश आमच्याकडून पहिल्यापासून हेच मागतोय. नावातली दोन अक्षरं काढा, डब्यातला लसूण काढा, बोलण्यातला हेल काढा, सगळं चालतं, वर शाबासकी मिळते. काही घालायला गेलात की टॉर्च घेऊन कुणीतरी बघायला येतं. अनिल म्हणतो, मी संतापले की कशालाही काहीही जोडते. जोडते ना. वेल्डिंग हाच माझा धंदा आहे.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात माझ्या वडिलांचं मशिनशॉप होतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि गिऱ्हाइकंही. शाळा सुटली की मी घरी न जाता तिकडेच जायचे, लेथच्या बाजूला पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसून गृहपाठ करायचे. वह्यांना कटिंग ऑइलचा वास यायचा आणि बाई नाक मुरडायच्या. तिथे दिवसभर एक शब्द कानावर पडायचा: भरून घ्या. शाफ्ट झिजला, भरून घ्या. पंपाच्या केसिंगला भोक पडलं, भरून घ्या. भरायचं म्हणजे खराब जागेवर वेल्डिंगने धातू चढवायचा आणि मग मशिनवर लावून मूळ मापाला आणायचा. तडकलेलं हेड कुणी भंगारात टाकत नसे. अण्णा म्हणायचे, "मोडलं म्हणून टाकून द्यायला अक्कल कशाला लागते?" पुढे मी मेटलर्जी शिकले, लग्न होऊन इथे आले, एका मशिनशॉपमध्ये लागले आणि इथल्या लोकांची हेडं दुरुस्त करू लागले. भरणं हा आमच्या घरातला सज्जन शब्द. पाणी भरावं, ओटी भरावी, हेड भरावं. त्या शब्दावरून माझ्या मुलीला कुणी चोर ठरवील, असं उद्यमनगरात सांगितलं असतं तर लोकांनी मला रंकाळ्याला हवा खायला पाठवलं असतं.

माझी मुलगी रेवा. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर लोकांचे गुडघे वाकवते आणि रेसच्या शनिवार-रविवारी आमची गाडी पळवते. मी इंजिन बांधते, ती हाकते, अनिल पोहे करतो. ती इथेच जन्मली. तिचं मराठी ऐकायला गोड आणि व्याकरणाच्या नावाने शंख. कुठला शब्द तो, कुठला ती आणि कुठला ते, हे तिला आजही कळत नाही. "आई, माझी डोकं दुखतो," असं ती बिनदिक्कत म्हणते, आणि खरंच दुखत असतं म्हणून आम्हाला हसता येत नाही. स्वभावाने मात्र ती बापावर गेली. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच सॉरी म्हणते. कुणी काही बोललं तर इट्स फाइन, आणि नाही बोललं तरी इट्स फाइन. अनिलचं आयुष्याचं तत्त्व असं, की हात मिळवावा आणि पुढे जावं. "आपल्याला इथेच राहायचंय ना, वैशू?" हे त्याचं पालुपद. मीही इथेच राहते. पण राहायचं म्हणजे वाकून राहायचं, असं मला व्हिसाबरोबर कुणी लिहून दिलं नव्हतं.

तो सीझन सुरुवातीला इतका चांगला होता की आठवला तरी राग येतो. मे महिन्यात धावपट्टीवर थंडी मी म्हणत होती. आम्ही व्हॅनच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायचो आणि अनिल मोहरी तडतडवायचा. आजूबाजूला इंधनातल्या मेथॅनॉलचा तो डोळे चुरचुरवणारा वास, जळलेल्या रबराचा वास, आणि मधूनच हिंग. पलीकडच्या तंबूतले लोक वास घेत घेत यायचे, वाटीभर पोहे घेऊन जायचे आणि रिकामी वाटी धुऊन परत आणायचे. जूनमध्ये ऊन पडलं. रेवा जिंकायला लागली. ती हेल्मेट काढायची तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटलेले असायचे आणि ती मला पहिलं काय विचारायची, तर "कशी वाजली?" इंजिन कसं वाजलं, हे. मी म्हणायचे, "छान वाजलं." ती मान हलवायची, पुन्हा "छान वाजली ना?" जुलै उजाडेपर्यंत गुणतक्त्यात तिचं नाव सगळ्यांत वर होतं. आमच्या वर्गात कुठल्याही बाईचं नाव तिथे कधी आलं नव्हतं, आणि आमच्यासारखं नाव तर नव्हतंच नव्हतं. तिला तो करंडक हवा होता. तोंडाने म्हणाली नाही कधी, पण घरच्या शेल्फवरची माझी लोणच्याची बरणी तिने गुपचूप दुसरीकडे हलवली होती.

मग हेडला तडा गेला. दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कड्यांमध्ये, जिथे इंधन पेटतं त्या खोलगट भागात, केसाएवढा. पोर्टला धक्काही नव्हता. मान्यताप्राप्त नवं हेड मागवायचं तर कंपनी म्हणाली, पुढचा लॉट हिवाळ्यात. तेव्हा मी जे लहानपणापासून बघत आले ते केलं. हेड साफ केलं, तडा खोदून काढला, आणि ते आधी सगळं सारखं तापायला हवं म्हणून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलं. त्या दिवशी आम्ही जेवायला टोस्ट खाल्ले. अनिल म्हणाला, घरात जुन्या सायकलच्या दुकानासारखा वास येतोय. तापलेलं हेड गॅरेजात नेऊन मी हळूहळू वेल्ड केलं, निवू दिलं, मग दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी नेऊन मापाला आणलं आणि नव्या सीटा बसवल्या. गॅरेजच्या दारात रेवा चहाचा मग घेऊन उभी होती.

"काय करतेस?"

"भरतेय."

"भरून झाली?"

"झालं, म्हण."

"झालं," ती म्हणाली आणि मला चहाचा एक घोट दिला.

ऑगस्टमध्ये ती त्याच हेडवर जिंकली. जिंकलेल्या गाडीचं इंजिन उघडून बघायचं, अशी रीत आहे, आणि मला ती मान्य आहे. उघडून बघणारा माणूस मात्र कीथ होता. कीथ हा आमच्या वर्गाचा तांत्रिक तपासनीस. खिशात टॉर्च, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपण आधी पाहिलेली आहे असा चेहरा. तो मला व्ही म्हणायचा. वै, शा, ली, तीन अक्षरं आहेत, तीही याला जड. इंजिन मी बांधते हे ठाऊक असूनही प्रश्न तो अनिलला विचारायचा, कारण अनिल डॉक्टर आणि पुरुष. अनिल बिचारा दरवेळी माझ्याकडे बोट दाखवायचा. मग कीथ माझ्याकडे वळून हसायचा आणि पुढचा प्रश्न पुन्हा अनिलला.

त्या दिवशी मी हात धुवायला गेले होते. परत येताना पाठीमागून ऐकलं. कीथने हेड उलटं धरलं होतं आणि वेल्ड केलेल्या चकचकीत जागेवर बोट ठेवून रेवाला विचारत होता, "याला काही केलंय का, लव्ह?"

आणि माझी सत्यवचनी लेक म्हणाली, "येस, मम फिल्ड इट."

भरलं. फिल्ड. शब्दाला शब्द, अगदी बरोबर भाषांतर. पण या धंद्यात इंग्रजीत ‘फिल्ड’ म्हणजे पोर्टमध्ये धातू नाहीतर इपॉक्सी भरून त्याचा आकार बदलणं. नियमावलीतल्या त्या ओळीत नेमकी जिला बंदी आहे, तीच लबाडी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी पळत गेले, पण कीथचा चष्मा कपाळावरून नाकावर आला होता.

मी सांगितलं, तडा होता, दुरुस्ती केली, पोर्टमध्ये काही घातलेलं नाही. हवं तर पोर्टमध्ये पातळ तेल ओतून घनफळ मोजा, ठरलेल्या मापाला बरोबर बसेल. कीथ म्हणाला, एका बाजूला भरून दुसऱ्या बाजूला तेवढंच कोरलं की घनफळ तेच राहतं. हे खरं आहे. असे लबाड मीही पाहिलेत, आणि त्याला ते माहीत असणं हे त्याचं कामच आहे. त्याने टॉर्च मारला, बोट घातलं, कॅमेऱ्याची बारीक नळी घातली आणि म्हणाला, नक्की सांगता येत नाही. तोवर मी त्याला समजू शकत होते. मग तो वळला आणि त्याने अनिलला विचारलं, "डॉक्टर, तुमच्या मिसेसना फिल्ड म्हणजे काय म्हणायचंय?"

मी तिथे उभी होते. हातभर अंतरावर. माझ्या हाताला अजून साबणाचा वास होता.

आणि अनिल काय म्हणाला? "आय ॲम शुअर देअर्स बीन सम मिसअंडरस्टँडिंग." झालं! या देशात हे वाक्य म्हणजे कबुलीजबाबच. रेवा एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. आपलं काय चुकलं हेच तिला कळत नव्हतं, आणि मला ते तिथे चारचौघांत मराठीत समजावून सांगायची सोय नव्हती.

निकाल असा लागला, की रेवाचे सगळे गुण रोखून ठेवायचे. पोर्ट मूळचा आहे हे सिद्ध झालं तर परत द्यायचे. सिद्ध कसं करायचं? हेड उभं कापायचं. कापल्यावर आतली भिंत दिसते, आम्लाचा बोळा फिरवला की वेल्डचा धातू वेगळा रंग दाखवतो, आणि शंका मिटते. हेडही मिटतं. क्लबने अगदी नम्रपणे लिहिलं, की कापणं हे संपूर्णपणे ऐच्छिक आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंब आम्ही स्वतः ओढत न्यायचा, आपखुशीने. ज्यांच्याकडे तीन-तीन हेडं पडून असतात त्यांच्यासाठी हा नियम सोपा आहे. एक कापा, दुसरं बसवा. नियम म्हणे खेळ सगळ्यांना परवडावा म्हणून केलेले असतात. मग ज्याने टाकून न देता दुरुस्त केलं त्यालाच ते का आडवे येतात, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

बातमी आमच्या आधी इथल्या मराठी लोकांत पोचली. सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता, कम्युनिटी हॉलमध्ये. रेवा साडी नेसून मोदक वाढत होती. साडीत तिला नीट चालता येत नव्हतं तरी हट्टाने नेसली होती. एका बाईंनी ताट पुढे करत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, ते चीटिंगचं मिटलं का?" रेवा हसली आणि त्यांच्या पानात दोन मोदक जास्त वाढले. इट्स फाइन. त्या बाईंना मी पुढे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, गणपतीसमोर म्हणाले एवढं पुरे. अनिलने मला दंडाला धरून बाहेर नेलं, तर कार पार्कमध्ये रेवा आधीच उभी होती, निऱ्या हातात धरून.

"आई, काप ते," ती म्हणाली.

"कापून गुण परत मिळाले तरी फायनलला काय लावणार? दुसरं हेड मिळत नाहीये. करंडक जाईल तुझा."

"जाऊ दे. तसाही माझी नाव खराब झाली."

नाव. माझं नाव म्हणायचं होतं तिला. ती म्हणाली माझी नाव, आणि माझ्या डोळ्यांपुढे आली ती बुडालेली होडी. तशा वेळीही मला हसू फुटणार होतं आणि मी ओठ चावला. मी तिला दुरुस्त केलं नाही. खरं तर दोन्ही बरोबरच होतं.

अनिल म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू ना. कशाला वाढवायचं? आपल्याला इथेच..."

"बाबा, मीपण इथेच राहणार ना," रेवा म्हणाली. "मग?"

अनिलने खिशातून गाडीची किल्ली काढली.

आता एक वर्ष सोडून यंदाच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा उतरते आहे. नवं हेड माझ्या बाकावर पडलंय, मी रोज कामावरून आल्यावर त्याचे पोर्ट घासत बसते. काढणं चालतं, तेव्हा काढतेय. अनिल म्हणतो, नियम बदलला, क्लबला दोन ओळी आभाराच्या लिही. मी म्हटलं, आभार? ज्याने दार डोक्यावर आपटलं, त्याने नंतर बिजागरीला तेल घातलं म्हणून? लिहायचं तर तू लिही. त्यानेही लिहिलेलं नाही. त्या वर्षीच्या फायनलला आम्ही गेलोच नाही. करंडक दुसऱ्या एका मुलाने नेला. तो मुलगा चांगला आहे, पोहे खायला यायचा. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग कुणावर आहे, ते मी पुरेसं सांगितलंय, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात राग धरून ठेवला की आपलंच रक्त आटतं. माझं नाही आटलं. उलट बाकावर बसलं की हात स्थिर राहतो.

हेड कापलं ते त्या गणपतीनंतरच्या एका शनिवारी सकाळी, माझ्या कामाच्या जागी. मशिनशॉप बंद होतं, फक्त आम्ही तिघं आणि साक्षीला कीथ. त्याने विचारलं, कापायला माणूस कुठाय? मी बँडसॉचं बटण दाबलं. माझं हेड दुसरं कुणी कापणार नव्हतं. ॲल्युमिनियम कापताना पोलादासारखं किंचाळत नाही, नुसतं कुरकुरतं. मी ज्या वळणावर कित्येक आठवडे बोटांच्या टोकांनी खरबरीतपणा शोधला होता, त्याच वळणावरून पातं गेलं. चुरा माझ्या बाह्यांवर पडत होता. रेवा पलीकडे उभी राहून बघत होती आणि नजर हलवत नव्हती. दोन तुकडे बाकावर ठेवले तेव्हा ते अजून कोमट होते.

मी आम्लाचा बोळा फिरवला. पोर्टची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची, ओतताना होती तशी. खाली, पेटण्याच्या जागी, माझा वेल्ड तेवढा वेगळा उठून दिसला, बोटाच्या पेराएवढा. कीथने टॉर्च मारून बघितलं, चष्मा वर केला, खाली केला, दुसरा तुकडा उचलून बघितला. त्याला बघायला जितका वेळ लागला, तितका वेळ मी माझ्या आयुष्यात कुणाला दिलेला नाही.

"क्लीन ॲज अ व्हिसल," तो शेवटी म्हणाला. आणि हे तो मला म्हणाला, अनिलला नाही. मग रेवाकडे वळून म्हणाला, गुण आजच परत देतो, तू अजून सगळ्यांच्या पुढे आहेस, फायनलला भेटू.

बाकावर हेडचे दोन तुकडे पडले होते. त्याला त्या वाक्यात काही विचित्र वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. तो चांगल्या मनाने बोलत होता आणि म्हणूनच मला त्याचं टाळकं त्या बँडसॉखाली धरावंसं वाटलं.

त्याने टॉर्च खिशात ठेवला आणि रेवापुढे हात केला. "नो हार्ड फीलिंग्ज, एह?"

रेवाने ओव्हरऑलच्या खिशातून हात बाहेर काढले नाहीत. ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आई, सांग त्याला. राग आहे. खूप राग आहे."

तिला दुभाष्याची काय गरज? कीथपेक्षा चांगलं इंग्रजी बोलते ती. पण मला कळलं. माझ्या कामाबद्दल ती माझ्या वतीने बोलली होती आणि ते उलटलं होतं. आता तिच्या मनातलं माझ्या तोंडून जावं, असं तिला वाटत होतं.

"शी सेज देअर आर, कीथ," मी म्हटलं. "प्लेन्टी."

कीथचा हात तसाच हवेत राहिला. अशा वेळी काय करायचं हे अनिलला झोपेतसुद्धा येतं. तो हसत पुढे झाला, त्याचा उजवा हात निघालाच होता, आणि रेवाने त्याची बाही धरली.

"बाबा, नको," ती म्हणाली.

अनिलने हात खाली घेतला.